मोहन कशाचं घालायचं

ज्या वर्षी माझा धाकटा दीर घर सोडून बोटीवर गेला, त्या वर्षी माझी थोरली मुलगी रांगायला लागली होती. ती बेकरीच्या फरशीवर रांगायची आणि दिवेलागणीला तिचे गुडघे पिठाने पांढरे झालेले असायचे. एक माणूस त्या पिठाला कंटाळून निघून गेला आणि एक त्यातच लोळत होतं, म्हणून ते वर्ष माझ्या पक्कं लक्षात राहिलं. लिहायला मी फार उशिरा शिकले, तेव्हाचं काही कागदावर नाही. पण बोटांना आणि नाकाला सगळं आठवतं.

आमचं घर आणि बेकरी एकच होती. पुढे दुकान, मधे भट्टी, मागे दोन खोल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पाव करायचे. हे भट्टी सांभाळायचे. बिस्किटं मात्र सासूबाईंची. त्यात कोणी हात घालायचा नाही. गल्लीत त्यांना 'मूठवाल्या बाई' म्हणत. पिठाला मोहन चोळून झालं की त्या पिठाची मूठ वळायच्या. मूठ उघडल्यावर पीठ बोटांचे ठसे घेऊन तसंच उभं राहिलं तर ठीक. ढासळलं तर मोहन कमी, तळव्याला चकाकी आली तर जास्त. तराजू दुकानात होता, पण तो गिऱ्हाइकांसाठी.

मी नवी सून होते तेव्हा एकदा त्यांना विचारलं होतं, मोहन नक्की करतं काय? त्या म्हणाल्या, "पीठ आणि पाणी यांना एकत्र सोडलं की लगेच सोयरीक जुळते. धागे सुटतात, ताणतात, चिवट होतात. पावाला तेच हवं. बिस्किटाला नको. म्हणून मोहन आधी जाऊन पिठाच्या कानाशी लागतं. मग पाणी येतं, पण धागे आखूडच राहतात. बिस्किट म्हणजे काय, तर मोडलेली सोयरीक."

"आणि तुमची?" पाव मळता मळता मामंजी म्हणाले.

"आमच्यात मोहन घालायला कोणी आलं नाही, म्हणून तर चिवट निघाली."

तर धाकटा. त्याला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, कारण तो एका जागी उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता. भट्टीचं फावडं हातात दिलं तर ते भिंतीला टेकवून हा दारात. मामंजींचं आणि त्याचं रोजचं वाजायचं. शेवटच्या भांडणात तो म्हणाला, "अंगाचा हा वास जात नाही. मी पुन्हा या वासात पाय ठेवणार नाही."

"नको ठेवूस," मामंजी म्हणाले. "वास तुझ्यावाचून अडलेला नाही."

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बिस्किटांचं पीठ काढलं. "घरात येत नाही तर न येवो," त्या मला म्हणाल्या. "घर त्याच्याकडे पाठवते."

मुलाला पाठवायचं म्हणजे मोहन लोण्याचंच, यात कोणाला शंका नव्हती. दूधवालीकडून ताजं लोणी आलं. सासूबाईंनी ते गार पाण्यात धुतलं, साखरेबरोबर फेसलं आणि अशी बिस्किटं केली की ताटावरून उचलताना श्वास धरावा लागे. पत्र्याच्या डब्यात ती कागद घालून भरली. कल्हईवाल्याकडून डब्याचं झाकण झाळून घेतलं, म्हणजे आत हवा जायला नको. डबा बंदरावर गेला. त्या दिवशी सासूबाई भट्टीपाशी गुणगुणत होत्या. हे मला हळूच म्हणाले, "आईला गाता येतं हे मला आजच कळलं."

पुढे बरेच महिने काही बातमी नव्हती. थंडी सुरू झाली तेव्हा दुकानात एक माणूस आला. गोल चेहरा, मनगटावर भाजल्याचे डाग. तो दिराच्या बोटीवरचा आचारी होता आणि सुट्टीवर घरी चालला होता. सासूबाईंनी त्याला आत बसवलं, चहा दिला.

"मावशी, रागावू नका," तो म्हणाला. "निरोप आहे म्हणून सांगतो."

"कपबशी खाली ठेव आणि सांग."

"डबा उघडला आणि आम्ही सगळे खोलीबाहेर पळालो."

"का?"

"खवट हो. भिंतीला लावायच्या रंगाचा डबा उघडावा तसा वास, आणि चव साबणाची. सगळी बिस्किटं समुद्रात गेली. माशांनीही खाल्ली की नाही, माहीत नाही." तो हसला, मग सासूबाईंकडे बघून सावरला. "बोटीवर आता त्याला साबणवाला म्हणतात. तो फार चिडला. म्हणाला, आईला सांग, पुन्हा काही पाठवू नको."

मला वाटलं आता या आत जाऊन पदर डोळ्यांना लावतील. सासूबाईंनी त्याला आणखी चहा ओतला.

"तुमची झोपायची खोली कुठे असते?"

"यंत्रघराच्या भिंतीला लागून. वर लोखंड, खाली लोखंड."

"गरम?"

"गरम म्हणजे? खिशातली मेणबत्ती वाकते."

"वितळते?"

"नाही. वाकते. मान टाकल्यासारखी."

"डबा कितीक दिवस तिथे होता?"

"पोचायलाच दोन-अडीच महिने. टपालाचं सामानही त्याच बाजूला ठेवतात."

सासूबाईंनी मान हलवली. "तू परत कधी जाणार?"

"थंडी सरली की."

"एक डबा नेशील?"

तो कपाशी चाळा करत राहिला. "मावशी, तो नको म्हणालाय."

"तो नको म्हणालाय. मी तुला विचारतेय."

"नेतो. पण या वेळी वास आला ना, तर डबा समुद्रात जाईल आणि त्याच्यामागून मी. आणि पुन्हा तुमचं नाव काढायची सोय राहणार नाही."

तो गेल्यावर त्यांनी कपबशी विसळून पालथी घातली. मग मला म्हणाल्या, "लोणी मी माझ्या जिभेसाठी घातलं, सूनबाई. त्याच्या खोलीसाठी नाही घातलं. लोण्यात पाणी असतं, दुधाचा अंश असतो. दोन दिवसांत खायचं असेल तर त्यासारखं काही नाही. पण त्या उकाड्यात ते मरणारच. हे मला माहीत होतं गं. मायेत विसरले."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं, ते मी आयुष्यात पुन्हा कोणाला करताना पाहिलं नाही.

आधी त्यांनी एक मेणबत्ती घेतली. भट्टीच्या वर, धुराड्याच्या दोन्ही बाजूंना, आमच्या लाकडी फळ्या होत्या. त्यावर ओले टॉवेल वाळायचे. सासूबाईंनी मेणबत्ती धुराड्याला चिकटवून उभी केली. ती वितळली. दुसरी थोडी लांब ठेवली. ती ताठ राहिली. अशा चार-पाच मेणबत्त्या गेल्या. शेवटी एका जागी मेणबत्ती हळूहळू वाकली आणि तशीच राहिली. सासूबाईंनी त्या जागी खडूने गोल काढला. "ही भिंगरीची खोली," त्या म्हणाल्या. हे हसले, पण त्या दिवसापासून त्या गोलावर कोणी टॉवेल टाकला नाही.

मग मोहन गोळा करायचं होतं. लोणी घरात होतं. त्यातलं अर्धं कढवून तूप केलं. तेलवाल्याकडून तेल आणलं. खाटकाकडून दोन तऱ्हेची चरबी आणली, एक मऊ पांढरी, एक दगडासारखी. आणि राहिलं वनस्पती तूप. तिथे गाडं अडलं.

मामंजींनी बेकरी घातली तेव्हापासून त्यांची एक प्रतिज्ञा होती की तो पांढरा डबा उंबरा ओलांडणार नाही. पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला तो वापरायचा, आणि मामंजी त्याच्याशी बोलत नसत.

"लोक काय म्हणतील?" ते म्हणाले.

"लोकांना नाही विकायचा. एका पोराला पाठवायचाय."

"त्या पोराने आपल्या तोंडावर..."

"अहो, त्याने तुमच्या तोंडावर काय म्हटलं ते मला पाठ आहे. तुम्ही काय म्हटलंत तेही पाठ आहे. डबा मागच्या दाराने आणते, तुम्ही पुढे बसा."

डबा मागच्या दाराने आला. मामंजी दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवले.

सासूबाईंनी एकाच दिवशी, एकाच पिठाची सहा मोहनांची बिस्किटं केली. मोहन बदललं की हाताखालचं सगळं बदलतं, हे मला तेव्हा दिसलं. तेल पिठात नुसतं झिरपून गेलं. साखरेबरोबर फेसायचा प्रश्नच नव्हता, कारण पातळ मोहनात हवा धरून राहत नाही. तुपाचं पीठ रवाळ झालं, बिस्किटं ताटात पसरली, पण वास असा की माझी मुलगी लुटुलुटु चालत येऊन भट्टीसमोर बसली. मऊ चरबीने पापुद्रे सुंदर सुटले. वनस्पती तूप मात्र फेसायला बसल्यावर दुप्पट फुगलं, कापसासारखं पांढरं, आणि बिस्किटं चांगली उंच उठली. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "गुणी आहे," त्या म्हणाल्या. शत्रूच्या मुलाबद्दल बोलावं तसं.

सगळी बिस्किटं सहा लहान डब्यांत गेली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, मलाही नाही. म्हणून प्रत्येक डब्याला रंगीत दोरा बांधला. लोण्याला पिवळा, तुपाला लाल, तेलाला हिरवा, असं. डबे खडूच्या गोलावर रचले आणि आम्ही थंडी सरायची वाट बघत बसलो.

आचाऱ्याचा निरोप आला की आता चार दिवसांनी निघतो. सासूबाईंनी डबे खाली काढले आणि मी कपाळाला हात लावला. इतके दिवस भट्टीच्या धगीवर आणि धुरात राहून सगळे दोरे एकाच रंगाचे झाले होते. तपकिरी. पिवळा कुठला, लाल कुठला, काही कळेना. डबेही सारखे, आणि धगीने सुकून, कडा झडून आतली बिस्किटंही सारखीच दिसत होती.

"झालं!" हे म्हणाले. "आता परत पुढच्या थंडीला."

"पुढच्या थंडीला आचारी थांबणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "मूल हरवलं तर आई दोरा बघून ओळखते का रे? सरक. उजेड येऊ दे."

त्या खिडकीपाशी बसल्या. एकेक डबा उघडून त्यातलं एक बिस्किट कागदावर दाबायचं आणि कागद उजेडाकडे धरायचा. पहिल्याच कागदावर तेलकट डाग पसरत पार कडेपर्यंत गेला. "तेल. पळपुटं." डबा बाजूला. दुसरा डबा त्यांनी नाकाजवळही नेला नाही, झाकण उचललं आणि परत लावलं. "लोणी. गेलं बिचारं." तिसऱ्याचा तुकडा त्यांनी जिभेवर ठेवून टाळूला लावला आणि माझ्याही तोंडात घातला. तो विरघळलाच नाही. मेण फासल्यासारखी साय टाळूला बसली. "घट्ट चरबी. टिकली आहे, पण खाल्ल्यावर तोंड धुवायला गरम पाणी लागेल. बोटीवर कोण देणार?" चौथा डबा मऊ चरबीचा, त्याला खवटपणाची सुरुवात झाली होती.

उरले दोन. दोन्ही बिस्किटं चांगली, दोन्ही कोरडी. त्यांनी एक कानाजवळ धरून मोडलं. कट्‌ असा स्वच्छ आवाज आला. "वनस्पती." दुसरं मोडलं, आवाज जरा बसका, आणि खोलीत वास पसरला. सासूबाईंनी डोळे मिटून तो वास घेतला. "तूप. पाणी आणि दूध कढून गेलं म्हणून टिकलं. वास अजून घरचा आहे." मग चवीसाठी दोन्हींचे तुकडे तोंडात टाकले. "हे उभं राहतं पण मुकं आहे. हे बोलतं पण भुरभुरतं."

मामंजी इतका वेळ दारात उभे होते. मला ते दिसले नव्हते.

"मग दोघांचं लग्न लाव," ते म्हणाले. "मोडायच्या सोयरिका पुष्कळ केल्यास. एक जुळव."

सासूबाई त्यांच्याकडे बघून असं हसल्या की मी पातेल्यात बघायला लागले.

प्रमाण ठरवायला त्यांनी मनगट वापरलं. मनगटाच्या आतल्या बाजूला मोहनाचा हरभऱ्याएवढा गोळा ठेवायचा. तूप तिथे लगेच पाघळायचं. वनस्पती तूप बसून राहायचं. दोन्ही कमीजास्त मिसळून, एकेक गोळा ठेवून त्या वाट बघायच्या. जो गोळा आधी धीर धरायचा आणि मग हळूच मऊ व्हायचा, तो त्यांनी घेतला. "मनगटावर असा वागतो म्हणजे तोंडात नीट वागेल," त्या म्हणाल्या. तीन वाट्या पांढरं, एक वाटी तूप. बिस्किटं नेहमीपेक्षा जास्त भाजून अगदी कोरडी केली, मीठ जरा चढं घातलं. डबा झाळला. झाळताना त्या कल्हईवाल्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. तो वैतागून म्हणाला, "बाई, यात काय सोनं आहे का?"

"नाही. यात माझी अब्रू आहे. बारीक भोकही ठेवू नकोस."

आचारी डबा घेऊन गेला. या वेळी सासूबाई गुणगुणल्या नाहीत. दुकानाच्या दारात कोणी उभं राहिलं की त्यांचे हात थांबायचे, आणि गिऱ्हाईक पाव मागायचं की परत चालू व्हायचे. पुढची थंडी आली. माझी मुलगी धावायला लागली होती. आचाऱ्याला आम्ही घरात मेणबत्तीवाला म्हणायचो. एक दिवस दुकानातून यांनी पाठवलं म्हणून तीच ओरडत आली, "आजी, मेणबत्तीवाला!"

आचाऱ्याच्या हातात तोच डबा होता. रिकामा. आतला कागदही नव्हता.

"कागद?" सासूबाईंनी विचारलं.

"चाटून फेकला, मावशी. भांडणं झाली. तो झोपताना डबा उशाखाली घेऊन झोपायचा."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, मीठ जास्त झालंय."

सासूबाई मागे वळून भट्टीकडे गेल्या. मला ऐकू आलं, त्या मामंजींना सांगत होत्या, "अहो, तक्रार करतोय. म्हणजे खाल्लंय."

"उर्मट आहे," मामंजी म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "पुढच्या डब्यात मीठ कमी घाल."

त्यानंतर दर वर्षी डबा गेला. एकदा दिराचा फोटो आला, दाढी वाढवलेला. मामंजी गेले तेव्हा तो कुठल्या तरी लांबच्या समुद्रात होता. बेकरी चालत राहिली. माणसं मला विचारायची, चांगलं मोहन कोणतं? मी सासूबाईंचंच सांगायचे. चांगलं मोहन असं काही नसतं. आज खायचा केक आहे तर लोणी. पापुद्रे हवेत आणि खाणाऱ्यांची ना नसेल तर मऊ चरबी. तळायचं असेल तर ज्याला तापवल्यावर धूर उशिरा सुटतो ते. आधी विचारायचं, हे कुठे जाणार आहे आणि तिथे पोचेपर्यंत त्याला काय सोसावं लागणार आहे. सासूबाई हे माणसांबद्दल बोलताना पण विचारायच्या, पण तेव्हा त्यांचा रोख मोहनाकडे होता की माणसाकडे, ते मी कधी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. आधी डोळे गेले, मग पाय. शेवटचा डबा मी केला. त्या पलंगावरून सांगत होत्या, मी मळत होते. त्या डब्याबरोबरच मी आचाऱ्याच्या हाती दिराला निरोप पाठवला की आईला भेटायचं असेल तर ये. येईल असं मला वाटलं नव्हतं.

तो आला तेव्हा सकाळची भट्टी पेटलेली होती. केस पांढरे झाले होते. दारात तो थांबला, आणि मी बघितलं, त्याने छाती भरून वास घेतला. मग चपला काढून आत आला. त्याच्या पिशवीत माझा डबा होता.

"आई."

"कोण? भिंगरी?"

"हो."

"बस. बसता येतं का आता?"

तो पलंगाच्या कडेला बसला. डबा उघडला, तळाशी चार-पाच बिस्किटं होती. "पुरवून पुरवून खाल्ली," तो म्हणाला. "ही तुला दाखवायला ठेवली. बघ, इतके महिने झाले. टिकली आहेत."

"दाखवून काय उपयोग? दे इकडे."

त्यांनी बिस्किट कानाजवळ नेलं आणि मोडलं. कट्‌ आवाज झाला. दिराच्या चेहऱ्यावर हसू आलं. पण सासूबाईंनी तुकडा नाकाखाली धरला, मग मनगटावर चोळला, परत वास घेतला. मी दारात उभी होते.

"मधे ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कडेला उतरलंय. सूनबाई, तूप जास्त पडलं तुझ्या हातून. पुढच्या वेळी पाव वाटी कमी."

"आई, मला तर काही कळलं नाही," दीर म्हणाला. "मी तर आवडीने खाल्लं."

"तुला काय कळणार? तू कधी मूठ वळली आहेस का?" त्यांनी मान माझ्याकडे फिरवली. "परात आण."

मी पलंगापाशी परात आणली. पीठ, मोहन. दिराने बाह्या वर केल्या. त्याची बोटं जाड होती, दोरखंडाने सोललेली, आणि तो पीठ असं चोळत होता की जणू डेक घासतोय. "हलक्या हाताने रे, ते काही तुझं देणं लागत नाही," त्या म्हणाल्या. तो हळू झाला. मग त्याने मूठ वळली आणि त्यांच्या हातात उघडली. त्यांनी अंगठ्याने पिठावरचे ठसे चाचपले.

"वळली," त्या म्हणाल्या. "आता भाज, करपवू नकोस."

त्याने भाजली. दोन ताटं करपली, तिसरं जमलं. तिसऱ्या ताटातलं एक बिस्किट सासूबाईंनी चहात बुडवून खाल्लं आणि त्यात काही खोड काढली नाही. पुढे दीर पुन्हा बोटीवर गेला आणि जाताना डबा स्वतः भरून घेऊन गेला, पाव वाटी तूप कमी घालून.

सासूबाई मात्र त्याआधीच वारल्या, एका शुक्रवारी, तो घरी असतानाच, बोट निघायच्या आदल्या आठवड्यात, भट्टीतून पहिला पाव निघत होता तेव्हा. ज्या वर्षी माझ्या थोरल्या मुलीला मुलगी झाली, त्या वर्षी.